जुन्या नाण्यांवरील फारसी अक्षरे व त्यांची ओळख

मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतला म्हणजे जुना गाभारा उकलावा लागतो. खचलेले जोते निघते, मूर्तीचे आसन जागचे हलते आणि पिढ्यान्‌पिढ्या दडून राहिलेली माती उजेडात येते. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी आसनाखाली पंचरत्ने, धान्य व चालू नाणी ठेवण्याचा परिपाठ आपल्याकडे फार जुना आहे. त्यामुळे खोदकामात एखादे काळवंडलेले रुपयाचे नाणे, दोनचार तांब्याचे पैसे हाती लागणे यात नवल नाही. गोंदिया जिल्ह्यातील बहुसंख्य ग्रामदैवतांच्या देवळांवर शिलालेख नाही. देऊळ कोणी बांधले, केव्हा बांधले, याचा कागदही नाही. अशा ठिकाणी आसनाखालचे नाणे हाच काय तो लेखी पुरावा असतो.

आणि नेमका हाच पुरावा सर्वांत आधी नाहीसा होतो. नाण्यावरील अक्षरे फारसी असतात. ती कोणास वाचता येत नाहीत. “मुसलमानी नाणे आहे” असे म्हणून ते बाजूस टाकले जाते, किंवा देवाच्या कामी लागणारी चांदी म्हणून सोनाराच्या मुशीत जाते. घरोघरच्या जुन्या रुपयांचेही तेच होते. आजीच्या गळ्यातील रुपयांची माळ मोडून देवाला छत्र किंवा मुखवटा करावा, ही भावना आदरणीयच आहे. परंतु वितळण्यापूर्वी त्या रुपयांवर काय लिहिले आहे हे एकदा पाहिले गेले, तर गावाच्या इतिहासाचे एखादे पान वाचेल.

पहिला गैरसमज दूर केला पाहिजे तो असा की, फारसी अक्षरांचे नाणे म्हणजे मुसलमान राजाचे नाणे. वैनगंगेच्या पूर्वेकडील हा धानाचा मुलूख अठराव्या शतकात गोंड राजांच्या हातून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. भोसले हे हिंदू राजे. तरी त्यांच्या रुपयांवर नाव कोणाचे, तर दिल्लीच्या अहमदशाह बहादुर बादशहाचे. पहिल्या रघूजींच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या व १७५१ साली अलीवर्दीखानाशी झालेल्या तहाने ओरिसा मिळविला. तेथील कटकच्या टाकसाळीत भोसल्यांच्या अमलात पडलेल्या रुपयांवरही दिल्लीपतीचेच नाव आहे. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक इंग्रजांकडे गेले, तोवर ही बावन्न वर्षे नागपूर आणि कटक एकाच राज्यात होते. तेव्हा आपल्या भागात एखाद्या रुपयावर “कटक” ही अक्षरे निघाली तर ते नाणे परमुलखातून चुकून आलेले नव्हे. ते त्या काळच्या आपल्याच राज्याचे नाणे होय.

ही गोष्ट भोसल्यांपुरतीच नाही. पुण्याचा अंकुशी रुपया घ्या, शिंद्यांचा घ्या, होळकरांचा घ्या. मजकूर फारसी आणि नाव बादशहाचे. महेश्वरच्या टाकसाळीतील अहिल्याबाईंच्या काळच्या रुपयावर एकीकडे शाहआलम बादशहाचे नाव आहे व दुसरीकडे शिवलिंग आणि बेलाचे पान आहे. दोन्ही एकाच चकतीवर! याच्या उलटही उदाहरणे आहेत. महंमद घोरीने कनोजच्या मुलखात सोन्याची नाणी पाडली, तेव्हा तेथील प्रजेच्या ओळखीची लक्ष्मीची बैठी आकृती त्यांवर तशीच ठेवली व आपले नाव नागरी लिपीत घातले. अकबराने आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस, इलाही सन ५० मध्ये, धनुर्धारी राम व सीता यांची आकृती असलेली नाणी काढली. त्यांवर नागरीत रामसीतेचे नाव आहे. शिवछत्रपतींनी मात्र आपल्या होनावर व शिवराईवर स्वच्छ देवनागरीत आपले नाव घातले, आणि त्या काळी ही किती वेगळी गोष्ट होती हे इतर सर्व नाणी पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही.

हिंदू राजांनी असे का करावे? उत्तर बाजारात आहे. रयतेला आणि सराफाला नाणे पटले पाहिजे. बादशाही रुपया चांदीने जवळजवळ शुद्ध, वजनाने तोळ्याला किंचित कमी, म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेअकरा ग्रॅम. ही परंपरा शेरशाह सूराने घालून दिली व अकबराने पुढे चालविली. सव्वादोनशे वर्षे लोकांच्या हातांना त्या छापाची सवय झाली होती. नवा छाप काढावा तर सराफ त्यावर बट्टा घेणार. म्हणून जुना छाप आणि जुने नाव चालू ठेवून, आपली ओळख पटावी एवढ्यापुरते त्रिशूल, अंकुश, परशू किंवा एखादे फूल असे लहानसे चिन्ह घालीत. जाणकार पारखी नाव वाचण्याआधी हे चिन्ह शोधतात, ते याचसाठी.

आता नाणे वाचावे कसे ते पाहू. फारसी न शिकताही यातील बरेच काम होण्यासारखे आहे. रुपयाच्या एका बाजूस बादशहाचे नाव असते व दुसऱ्या बाजूस राज्यारोहणाचे वर्ष आणि टाकसाळीचे गाव. नावाच्या बाजूस बहुधा “सिक्का मुबारक बादशाह गाझी” अशी शब्दरचना व तिच्यासोबत बादशहाचे नाव येते. मुहम्मदशाह (१७१९ ते १७४८) आणि अहमदशाह बहादुर (१७४८ ते १७५४) यांची नाणी या शब्दांवरून ओळखतात. ओळी वरून खाली नव्हे, तर पुष्कळदा खालून वर वाचाव्या लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे उर्दू येणारा मनुष्यही प्रथम गोंधळतो. दुसऱ्या बाजूस “सन जुलूस मैमनत मानूस” हे शब्द असतात. भाग्यशाली राज्यारोहणाचे अमुक वर्ष, असा त्यांचा भाव. यातील “जुलूस” शब्दाचे शेवटचे अक्षर ओढून नाण्याच्या आडवे लांबविलेले असते. ती आडवी रेघ सापडली की नाणे सुलटे धरले गेले असे समजावे. त्याखेरीज “जर्ब” हा शब्द शोधावा. जर्ब म्हणजे ठोकले, पाडले. त्याच्या लगत जे नाव असते ते टाकसाळीचे.

टाकसाळींनाही मानाच्या पदव्या असत. बऱ्हाणपूर हे “दार-उस-सुरूर”, म्हणजे आनंदाचे घर. औरंगाबाद “खुजिस्ता बुनियाद”, म्हणजे शुभ पायाचे. सुरत “बंदर मुबारक”, आणि शाहजहानाबाद, म्हणजे दिल्ली, “दार-उल-खिलाफत”. गावाचे नाव घासून गेले असले व पदवीचा एखादा शब्द शिल्लक असला तरी गाव कळते. आपल्या बाजूस मोगली नाणे मिळाले तर बऱ्हाणपूर, एलिचपूर (आजचे अचलपूर), औरंगाबाद आणि सुरत ही नावे आधी ताडून पाहावीत. दक्षिणेच्या वाटेवरील मोठ्या टाकसाळी त्याच होत्या.

एक अडचण मात्र आहे. ठसा मोठा आणि चकती लहान, अशी हाताने नाणे पाडण्याची रीत होती. त्यामुळे ठशावरील सारा मजकूर एका नाण्यावर कधीच उतरत नाही. एका रुपयावर बादशहाच्या नावाचे अर्धे अक्षर, तर दुसऱ्यावर सनाचे दोनच आकडे. म्हणून एकाच मडक्यातील दहा नाणी एकत्र ठेवून पाहिली तर जे कळते, ते वाटून घेतलेल्या एकेका नाण्यावरून कळत नाही. सापडलेले द्रव्य विखुरले की इतिहास विखुरला, याचा अर्थ हा असा अगदी व्यावहारिक आहे.

आकडे ओळखणे त्या मानाने सोपे. अक्षरे उजवीकडून डावीकडे वाचतात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. एक म्हणजे उभा दंड. त्या दंडाच्या डोक्याला एक आकडी फुटली की दोन, दोन दाते आले की तीन. सात हा वर तोंड उघडलेल्या चिमट्यासारखा, तर आठ हा त्याच्या उलट, घराच्या छपरासारखा. नऊ इंग्रजी नवासारखाच दिसतो. फसगत होते ती पाच आणि शून्य यांत. आपल्या शून्यासारखे वर्तुळ दिसते तो पाच, आणि खरे शून्य म्हणजे केवळ एक टिंब. हे टिंब शोभेच्या टिंबांत हरवून जाते.

सन हिजरी असतो. हिजरी वर्ष चांद्र, आपल्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. इसवी सन काढण्याची सोपी रीत अशी: हिजरी सनातून शेकडा तीन वजा करावेत व उरलेल्यात ६२२ मिळवावेत. समजा नाण्यावर दोन दंड, एक छप्पर व एक वर्तुळ आहे. म्हणजे हिजरी ११८५. त्याचे शेकडा तीन सुमारे साडेपस्तीस. ते वजा जाता साडेअकराशेच्या आसपास उरले, त्यात ६२२ मिळविले की १७७१–७२ येते. त्या वेळी दिल्लीचा बादशहा शाहआलम दुसरा (१७५९ ते १८०६) होता. जुलूस सन १२ किंवा १३ निघाला तर मेळ बसला. पहिल्या वर्षाच्या नाण्यावर आकड्याऐवजी “अहद” हा शब्द असतो.

त्याहून जुन्या नाण्यांची ठेवण निराळी. अकबराच्या आरंभीच्या व शाहजहानच्या रुपयांवर एका बाजूस कलमा व पहिल्या चार खलिफांची नावे असतात. अकबराने पुढे इलाही सन सुरू केला, तेव्हा नाण्यावर वर्षाबरोबर इराणी सौर महिन्यांची नावे आली. औरंगजेबाने गादीवर येताच नाण्यांवरील कलमा बंद केला. धर्मवचन कोणाच्याही हाती पडून त्याचा अवमान होऊ नये हे त्याचे कारण. त्याऐवजी त्याने एक दोन चरणांचे पद्य घातले, त्यात सोन्याच्या मोहरेवर सूर्याची व चांदीच्या रुपयावर पूर्णचंद्राची उपमा आहे. बहमनी सुलतानांची तांब्याची नाणी आणि माळव्याच्या सुलतानांची चौकोनी नाणी यांवरील भाषा अरबी असते व त्यांवर सुलतानाच्या पदव्याच अधिक असतात. ती इकडे क्वचित मिळतात.

इतके कळले म्हणजे नाण्यावरून देवळाचा काळ ठरविता येईल काय? येईल, पण बेताने. आसनाखाली पाच नाणी निघाली तर त्यांतील सर्वांत अलीकडचे नाणे पाहावे. त्या नाण्याच्या आधी ती स्थापना झालेली नसणार, एवढेच त्यावरून सिद्ध होते. नंतर किती वर्षांनी झाली हे नाणे सांगत नाही, कारण घरात जपलेला जुना रुपया देवाला वाहण्याची रीत पूर्वीही होतीच. आणि सर्वांत जुने नाणे पाहून “आमचे देऊळ औरंगजेबाच्याही पूर्वीचे” असा जो हवाला दिला जातो, तो तर मुळीच टिकत नाही.

याहून मोठा चकवा आहे तो गोठलेल्या सनाचा. अहमदशाह बहादुर सहाच वर्षे राज्यावर होता, पण त्याच्या नावाचे रुपये त्याच्या मागे पुष्कळ काळ भोसल्यांच्या राज्यात पडत राहिले. अशा नाण्यावरून “१७५० चे देऊळ” म्हणणे धोक्याचे. इंग्रजांच्या कंपनीचीही तीच तऱ्हा. तिने बंगाल्यात शाहआलमच्या नावाने मुर्शिदाबादचा रुपया पाडला व त्यावर जुलूस सन १९ कायम ठेवला. सन १९ म्हणजे १७७७–७८. परंतु १७९३ च्या कायद्याने तोच “१९ सनी सिक्का” अधिकृत ठरला व १८३५ साली राजाच्या मुखवट्याचा नवा रुपया येईपर्यंत चालू राहिला. फर्रुखाबादी रुपयावर असाच सन ४५ गोठविलेला आहे. कारण पुन्हा बट्ट्याचेच. चालू सालचा रुपया “सिक्का” म्हणून पुऱ्या किमतीस जाई व मागील सालच्या रुपयावर सराफ बट्टा घेत. वर्षच बदलले नाही तर बट्टा कशावर घेणार? युक्ती नामी होती, पण तिच्यामुळे आज देवळांचे वय पन्नास पन्नास वर्षांनी चुकते. ओळख इतकीच की कंपनीचा रुपया यंत्रावर पाडलेला, गोल गरगरीत, एकसारख्या जाडीचा असतो. त्याच्या कडेवर पुष्कळदा बारीक रेषा असतात. हाताने ठोकलेला देशी रुपया जाड, ओबडधोबड आणि कडेस फाटलेला असतो.

मडक्यात पुरलेले द्रव्य आपल्याकडे बांधीत नांगर चालविताना, बोडीचा गाळ काढताना किंवा पडक्या भिंतीत सापडते. बँका नव्हत्या तेव्हा जमीन हीच तिजोरी होती. त्यात पेंढाऱ्यांची धामधूम, पुढे १८१८ साली कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल याचा उठाव, अशा काळी घरातील रोकड पुरून माणसे रानात निघून जात. जो परत आला त्याने ती उकरली. जो परत आला नाही त्याचे मडके आज सापडते. त्यातील सर्वांत अलीकडचा सन हा बहुधा त्या घरावरील संकटाच्या आसपासचा असतो. नागपूरचा शेवटचा राजा तिसरा रघूजी १८५३ साली वारला व राज्य इंग्रजांनी खालसा केले. नंतर भोसल्यांचे रुपये हळूहळू सरकारी टाकसाळीत वितळले गेले. घरात व मातीत राहिले तेवढेच उरले.

असे द्रव्य सापडल्यास कायदा स्पष्ट आहे, आणि वाटते तितका तो भयंकर नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा, ज्याला लोक गुप्तधनाचा कायदा म्हणतात, त्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले द्रव्य सापडले तर काय सापडले, कोठे व कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. चौकशीअंती ते शंभर वर्षांहून जुने व बेवारस ठरले आणि सापडविणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडविणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळते. सरकारला ते संग्रहालयासाठी हवे असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एकपंचमांश रक्कम देऊन सरकार ते घेऊ शकते. उलट, लपविणाऱ्याचा वाटा जप्त होतो व एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. लपवून सोनाराला विकणारा मनुष्य बहुधा कायद्याने मिळाले असते त्याहून कमीच पदरात पाडून घेतो. देवळाच्या आवारात सापडलेल्या वस्तूंबाबत तर समितीने पंचनामा करून कळविणे हेच सर्वांच्या हिताचे, म्हणजे पुढे कोणाविषयी कुजबुज राहत नाही.

या संदर्भात एका फसवणुकीचा उल्लेख करणे भाग आहे. एका बाजूस राम, सीता, लक्ष्मण किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूस “ईस्ट इंडिया कंपनी, १८१८” असे इंग्रजी अक्षरांत कोरलेली पितळी अथवा तांब्याची नाणी खेड्यांतून फिरविली जातात. हे नाणे तांदूळ आपल्याकडे ओढते, ते लाखो रुपयांस विकले जाते, असे सांगून भोळ्या माणसांकडून आगाऊ पैसे उकळले जातात. कंपनीने असे आणे कधीच पाडलेले नाहीत. ती अलीकडे ओतलेली खोटी नाणी होत. देवळात पूजेसाठी मिळणाऱ्या रामटंका मुद्रांची गोष्ट वेगळी. त्या चलन नव्हेत, श्रद्धेच्या मुद्रा आहेत व त्यांवरील सन इतिहासाला धरून असतोच असे नाही.

नाणे हाती आले तर ते चिंच, राख किंवा आम्लाने घासू नये. घासल्याने चकाकी येते, पण उरलेली अक्षरेही जातात. माती साध्या पाण्याने सोडवून सावलीत सुकवावे. सोनाराच्या काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहून ठेवावे. दोन्ही बाजूंचे छायाचित्र तिरक्या उजेडात घ्यावे, म्हणजे उंचवटे दिसतात. तेवढी सोय नसेल तर नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवावी, ठसा कागदावर उतरतो. कोणत्या जागी, किती खोलीवर, कशासोबत सापडले, हेही त्याच कागदावर लिहावे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, ते १८६३ पासूनचे आहे. विदर्भात सापडलेल्या नाण्यांची ओळख तेथे पटविता येते. गावातील मशिदीचे मौलवी किंवा उर्दू शाळेचे शिक्षक यांना कागदावरचा ठसा दाखविला तर निदान गावाचे नाव व आकडे ते वाचून देतील. भोसल्यांच्या टाकसाळीतील कारागिरांना फारसी येत नसे, केवळ जुना ठसा पाहून ते नवा कोरीत. त्यामुळे काही अक्षरे मौलवींनाही लागणार नाहीत, आणि अक्षर न लागणे हीच ते नाणे दिल्लीचे नसून इकडले असल्याची एक खूण आहे.

नव्या गाभाऱ्यात प्रतिष्ठेच्या वेळी ठेवावयाची नाणी चालू वर्षाची घ्यावीत, आणि शक्य तर त्यांची यादी समितीच्या वहीत लिहून ठेवावी. आजच्या नाण्यांवरही टाकसाळीची खूण असतेच. सनाच्या खाली चौकट असेल तर ते मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, टिंब असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कलकत्त्याचे.